इंजेक्शन ‘देतात’, ‘मारतात’ की ‘करतात’? सोलापूरकरांनो, तुमच्या घरातला शब्द सांगा

धावदोरा

गेल्या महिन्यात माझ्या बाबांना इन्सुलिन सुरू झालं. बाबांनी सगळं आयुष्य कन्ना चौकातल्या एका खोलीत शाळेचे गणवेश शिवण्यात घालवलं. डॉक्टर म्हणाले, "आता नुसत्या गोळ्यांनी साखर आवरणार नाही." त्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "म्हणजे रोज सुई करायची?" डॉक्टर बाहेरगावचे, नुकतेच इकडे आलेले. त्यांना वाटलं बाबा शिवणकामाबद्दल विचारतायत. ते म्हणाले, "नाही नाही, काम चालू ठेवा की." दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मी मध्ये पडून सांगितलं, आमच्याकडे इंजेक्शन घेण्याला सुई करणं म्हणतात.

तेव्हापासून माझं कान देऊन ऐकणं सुरू झालंय. शेजारच्या काकू ‘सुई मारून घेतली’ म्हणतात. माझी पुण्याची जाऊ ‘इंजेक्शन घेतलं’ म्हणते. दवाखान्यातली मुलगी ‘टोचते हं’ म्हणते. आई मात्र इन्सुलिनला नुसतं ‘टोचणी’ म्हणायला लागलीय: "जेवण वाढू का? टोचणी झाली का?"

बाबांना सुईची भीती वाटते हे मला माहीतच नव्हतं. मशीनची सुई दोनदा त्यांच्या बोटातून आरपार गेलीय. दोन्ही वेळा त्यांनी चाक उलटं फिरवून सुई स्वतःच बाहेर काढली आणि बोटाला चिंधी बांधून परत कामाला बसले. तोच माणूस चार मिलिमीटरच्या सुईकडे बघताना घामानं भिजतो. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "ती सुई माझ्या ताब्यात होती गं."

बाबांसाठी मोठ्या अक्षरात एक कागद लिहून भिंतीवर लावायचा आहे, रोजचं काय कसं करायचं ते. दवाखान्यातून मिळालेल्या माहितीपत्रकात ‘त्वचेखालील अंतःक्षेपण’ असं लिहिलंय. ते बाबांनी एकदा वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं. म्हणून मला तुमचे शब्द हवेत. तुमच्या घरात काय म्हणतात, आणि सुई जाते तेव्हा नेमकं कसं वाटतं? ‘दुखतं’ एवढ्यावर थांबू नका, कसं दुखतं ते सांगा.

पूर्वभाग

आमच्या घरी तेलुगू. इंजेक्शनला ‘सूदि’, म्हणजे सुईच. ‘सूदि येयिंचुको’ म्हणजे सुई घालून घे. आणि त्या औषधाला ‘सूदि मंदु’, सुईचं औषध. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात गोळी वेगळी नि सुई वेगळी असं नाही, दोन्ही औषधच.

अम्मा चाळीस वर्षं विड्या वळतेय. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे एक दिवस बसला की तेवढे पैसे गेले. अंगात कणकण असली की ती डॉक्टरला सांगायची, "गोळ्या नकोत, एक सुई मारा, उद्या कारखान्यात विड्या द्यायच्यात." आमच्या भागात यंत्रमागावरचे लोकही असंच बोलतात. सुई म्हणजे उद्या उभा राहीन याची खात्री. दोन रुपयाच्या गोळीनं तेच काम होणार असलं तरी गोळीवर विश्वास बसत नाही, कारण ती आत काय करते ते दिसत नाही. सुई कळते. दुखलं म्हणजे औषध लागलं, असा हिशेब. मी फार्मसीत काम करतो, रोज समजावतो, पण अम्माला अजून पटवू शकलेलो नाही.

आणि कसं वाटतं याचं उत्तर आमच्याकडे ठरलेलं: ‘चीम कुट्टिनट्टु’. मुंगी चावल्यासारखं.

अक्कलकोटरोड

अरे, आमच्याकडेही मुंगीच! घरात कन्नड. अव्वा म्हणायची, ‘इरुवी कच्चिदंग आगतद, अष्टऽ’. मुंगी चावल्यासारखं होईल, बस तेवढंच. म्हणजे मराठीत मुंगी, तेलुगूत चीम, कन्नडमध्ये इरुवी. सोलापूरच्या पोराला कुठल्याही भाषेत नेलं तरी डॉक्टरच्या दारात मुंगी उभीच.

‘सुई करणे’बद्दल सांगतो. कन्नडमध्ये ‘सूजी माडिदरु’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘सुई केली’. मला तरी वाटतं आपल्याकडचं मराठी ‘सुई केली’ तिथूनच आलं असावं, किंवा दोन्ही शेजारी-शेजारी वाढलं असावं. आमच्या गल्लीत एकाच वाक्यात तीन भाषा असतात, कुणी कुणाकडून काय घेतलं हे कसं शोधणार? पण ‘करणे’ ऐकायला बरं वाटतं. ‘मारणे’त मार आहे. ‘सुई केली’ म्हटलं की काम झालं, उठा, शर्ट घाला.

हिप्परगा

माझी आजी ‘सुई’ म्हणायचीच नाही. ती म्हणायची ‘देवी काढल्या’, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचली. तिच्या दंडाखाली बाहेरच्या बाजूला दोन गोल वण होते, जुन्या दोन पैशाएवढे, मधली कातडी सुरकुतलेली. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचो. ती म्हणायची, देवी काढणारा आला की गावातली बायकामाणसं पोरांना घेऊन ज्वारीत लपायची. तिला तिच्या वडिलांनी शोधून आणलं होतं.

तेव्हा एक गोल दातेरी हत्यार कातडीवर टेकवून फिरवत असत, सुई आत जात नसे. नंतर दोन टोकांची बारीक सुई आली, ती लशीत बुडवून एकाच जागी पंधरा वेळा भराभर टोचायची. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण 1975 सालचा, आणि 1980मध्ये जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं. रोगही ‘देवी’ आणि लसही ‘देवी’, म्हणजे ‘देवी आल्या’ म्हटलं की घरावर संकट आणि ‘देवी काढल्या’ म्हटलं की सुटका. आता ते दोन्ही वाक्प्रचार माझ्या मुलांना समजत नाहीत.

जुळेसोलापूर_सिस्टर

मी निवृत्त परिचारिका. बत्तीस वर्षं सुया दिल्या. हो, आम्ही ‘देणे’ म्हणतो. पहिल्याच वर्षी आमच्या मोठ्या सिस्टरनी सांगितलं होतं, पेशंटसमोर ‘मारणे’ हा शब्द काढायचा नाही. ते आजवर पाळलं.

धावदोरा, तू विचारलंस कसं दुखतं. ते सुईपेक्षा बाकीच्या गोष्टींवर जास्त ठरतं. मी नोकरीला लागले तेव्हा काचेच्या सिरिंज होत्या. एका चौकोनी डब्यात सिरिंज आणि सुया पाण्यात उकळायच्या. त्याच सुया परत परत वापरायच्या, त्यामुळे टोक बोथट व्हायचं. ड्युटी संपता संपता आम्ही बारीक दगडावर सुया घासून धार लावायचो. मग टोक कापसाच्या बोळ्यावरून हलकेच ओढून बघायचं. कापसाचा तंतू अडकला, तर टोकाला आकडा आलाय, ती सुई बाजूला. तसली सुई चुकून गेली तर आत जाताना टोचायचीच, वर बाहेर येताना ओढायची. आज पन्नाशी-साठीच्या लोकांना सुईची जी भीती आहे, ती त्या सुयांची आहे. त्यांची भीती खरी आहे, कुणी हसू नये.

आताच्या सुया एकदाच वापरायच्या, टोक तिरपं घासलेलं, वरून सिलिकॉनचा लेप. तरी दुखतं ते यामुळे:

स्पिरिट वाळायच्या आधी टोचलं, की झोंबतं. दहा-पंधरा सेकंद थांबलं की झोंबत नाही. औषध फ्रिजमधून काढून लगेच दिलं, की थंडीची कळ येते. अंग आखडून धरलं, की स्नायू कडक होतो आणि नंतर ठणकतो. आणि काही औषधंच जात्या जड. हृदयाच्या झडपांना सूज आलेल्या पोरांना 21 दिवसांनी बारा लाख युनिटचं पेनिसिलीन खुब्यात द्यावं लागायचं. ते दुधासारखं दाट, बारीक सुईतून उतरत नाही, मध्येच सुई अडकते. त्या पोरांना मी कधी ‘मुंगी’ म्हटलं नाही. मुंगीचा शब्द दिला आणि आत ते औषध गेलं, तर ते पोर पुढच्या 21 दिवसांनी माझ्यावर विश्वास का ठेवेल?

एक गोष्ट मनापासून सांगते. मला सगळ्यांत जास्त त्रास सुईला घाबरणाऱ्या मुलांचा झाला नाही, त्यांच्या आयांच्या एका वाक्याचा झाला. "गप बस, नाहीतर सिस्टर सुई मारतील." बाहेरच्या बाकावर रोज ऐकायचे. तुम्ही घरी दूध पीत नाही म्हणून सुईची धमकी देता, आणि दीड महिन्यांनी मला सांगता, बघा हो सिस्टर, का एवढा घाबरतो कळत नाही.

सातरस्ता

सिस्टर, मान ठेवून बोलतो, पण खोटं सांगितल्याशिवाय पोरगं दारात पाय ठेवत नाही त्याला काय करायचं? माझा मुलगा पाच वर्षांचा. आम्ही ‘सिद्धेश्वराला जाऊ’ म्हणून गाडीवर बसवतो आणि दवाखान्यात उतरवतो. मग दोघंजण धरतो. लस तर चुकवायची नाही ना?

जुळेसोलापूर_सिस्टर

दादा, लस चुकवायची नाहीच. पण पुढच्या वेळी खरंच सिद्धेश्वराला निघालात तर त्याला गाडीवर बसवून बघा, बसतो का.

असं करा. आदल्या दिवशी नको, त्या दिवशी सकाळी सांगा: "आज सुई आहे. टोचेल. मी पाच म्हणेपर्यंत संपेल." आडवं पाडून दोघांनी धरू नका, ते फार भयंकर वाटतं लहान जिवाला. मांडीवर सरळ बसवा, छातीशी पाठ, एका हातानं त्याचे हात कवेत. तोंडानं फुगा फुगवायला द्या किंवा जोरात फुंकायला सांगा. अंगावर पिणारं बाळ असेल तर पाजता पाजता सुई देता येते, त्यानं बाळाला खरंच कमी दुखतं. आणि झाल्यावर ‘झालं, कुठं दुखलं?’ असं म्हणू नका. दुखलेलं असतं त्याला. ‘दुखलं ना? संपलं आता’ म्हणा.

सातरस्ता

बूस्टर पुढच्या आठवड्यात आहे. करून बघतो, इथं येऊन सांगतो.

भुईकोट

पोटातल्या चौदा इंजेक्शनांचं कुणी काढलंच नाही. मी आठवीत होतो, शाळेतून येताना कुत्रं पोटरीला चावलं. रोज सकाळी वडील सायकलवर नेत. बेंबीभोवती एकेक. चौथ्या दिवसापासून पोट इतकं हुळहुळं झालं की चड्डीची नाडी लागली तरी कळ यायची. दहाव्या दिवशी मी नको म्हणून हात जोडले, वडील माझ्यासमोर रडले. त्यांना रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

हे एवढ्यासाठी लिहितोय की ती चौदाची भीती अजून लोकांच्या डोक्यात आहे. आमच्या वॉर्डात मागच्या वर्षी एका आजोबांना कुत्रं चावलं, त्यांनी चार दिवस कुणालाच सांगितलं नाही, कारण काय तर ‘चौदा सुया कोण घेणार’. ती जुनी लस भारतात 2004च्या अखेरीस बनणंच बंद झालं. आता दंडात देतात, सुरुवातीच्या दिवसाला शून्य धरून मग 3, 7, 14 आणि 28. काही ठिकाणी कातडीतच थोडी थोडी देतात, तेव्हा दिवस 3, 7, 28 असे. जखम खोल असेल तर पहिल्या दिवशी जखमेतच आणखी एक औषध भरतात, ते मात्र चांगलंच दुखतं. चावल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीज झाल्यावर उपाय नाही. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगा, पोटात देत नाहीत म्हणून.

पूर्वभाग

भुईकोट, हे खरंच गरजेचं होतं. आमच्या दुकानात अजून लोक ‘चौदावाली’ म्हणून विचारतात.

शेंगाचटणी

माझा अनुभव वेगळा. नवऱ्याचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, तीन वर्षं झाली. तिथं मुंगी नाही, तिथं दाभण. आम्ही त्या सुयांना घरात दाभणच म्हणतो. एक रक्त बाहेर न्यायला, एक परत आणायला. डाव्या हातात शस्त्रक्रियेनं शिरा जोडलेल्या आहेत, तिथं हात ठेवला की पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यासारखी थरथर लागते. रात्री झोपेत माझा हात तिथं असतो. थरथर लागली की मी निवांत.

ते म्हणतात, टोचण्याचं काही नाही, टोचायच्या आधीचे दोन सेकंद वाईट. टेक्निशियन बोटानं शीर चाचपतो, थांबतो, आणि तो थांबला की पोटात गोळा येतो. म्हणून त्यांनी त्या मुलाला सांगून ठेवलंय, "तू बोलत राहा रे, गप होऊ नकोस." तो मुलगा दर वेळी बाजारात काय भाव चाललाय ते सांगत सुई लावतो. तिथं कुणी मारणे-देणे म्हणत नाही, ‘लावणे’ म्हणतात. ‘काकांना लावलं का?’ म्हणजे चार तासांचं काम सुरू झालं.

धावदोरा, बाबांच्या कागदावर हेही लिही, की टोचताना कुणीतरी बोलत राहायचं.

अक्कलकोटरोड

आणि चक्कर येणाऱ्यांचं? मला रक्त काढताना येते. सुई दिसली की आधी छातीत धडधड, मग एकदम घाम, कानात शिट्टी, डोळ्यांपुढं पिवळं. मिलिटरी भरतीत पळण्यात पहिला आलो होतो मी, तरी. लोक म्हणतात एवढा गडी आणि घाबरतो. मी घाबरत नाही, अंगच सोडून देतं.

जुळेसोलापूर_सिस्टर

बरोबर आहे तुमचं, यात भित्रेपणा नाही. आधी रक्तदाब वाढतो आणि मग एकाएकी खाली येतो, त्यानं चक्कर येते. झोपूनच रक्त द्या, तसं आधी सांगा. आणि मोकळ्या हाताची मूठ, मांड्या, पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचं, मग सैल सोडायचं, चेहऱ्यात गरमी आली की परत. त्यानं दाब उतरत नाही. फक्त ज्या हातात सुई आहे तो ढिला ठेवा.

पूर्वभाग

धावदोरा, इन्सुलिनचं आमच्या दुकानाच्या अनुभवातून थोडं. पेनासारखं इंजेक्शन आहे की बाटली? बाटली असेल तर ती बहुतेक मिलिलिटरला 40 युनिटची, तिला लाल टोपीचीच सिरिंज. केशरी टोपीची 100ची असते, ती चुकून वापरली तर डोस चुकतो. पेन असेल तर दर वेळी नवी सुई. लोक काटकसर म्हणून एक सुई आठवडाभर चालवतात आणि मग सांगतात टोचतंय. पहिल्या वापरातच टोक झिजतं, लेप जातो. आणि चालू पेन फ्रिजमध्ये ठेवायचं नाही असं सांगतात, पण आपल्या मे महिन्यात घरातच 40च्या वर पारा. त्यासाठी माठाशेजारी नाही, माठातच: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, छोट्यात पेन कोरड्या डबीत. वर ओलं फडकं. अम्माचं तसंच ठेवतो.

धावदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. पेन आहे. मडक्याचं आजच करते.

काल रात्री हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. सिस्टरांची कापसाची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. म्हणाले, "आम्हीपण असंच बघतो. कापडाचा तंतू ओढला की सुईचं टोक गेलं." मग त्यांनी पेनच्या सुईचं खोकं मागून घेतलं आणि चष्मा लावून त्यावरचा आकडा परत एकदा वाचला. 32. "बत्तीस? म्हणजे दाभणच की!" मशीनच्या सुईत 11 बारीक आणि 18 जाड, तर 32 म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल! महिनाभर ते त्या आकड्यालाच घाबरत होते, आणि कुणाला विचारलंही नाही. मी सांगितलं, इथं हिशेब उलटा आहे, आकडा जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. त्यांनी एक सुई काढून अंगठ्याच्या नखावर धरून बघितली, उजेडात फिरवली. म्हणाले, "हिला दोरा ओवता येणार नाही."

आज सकाळी त्यांनी मला टोचू दिलं नाही. आई बोलत बसली होती, बहीण कधी येणार वगैरे. त्यांनी शर्ट वर केला, पेन सरळ धरलं, टोचलं, दहापर्यंत मोजलं, काढलं. मी विचारलं कसं वाटलं. थोडा विचार करून म्हणाले, "टाचणी कापडात जाताना बोटाला कळते ना, तेवढं. आत थोडं चुरचुरलं."

भिंतीवरचा कागद मी लिहिणार होते, तो त्यांनीच केलाय. कटिंगच्या खाकी कागदावर पोटाचा आकार काढलाय, मध्ये बेंबी, तिच्याभोवती दोन बोटं जागा सोडून निळ्या खडूनं चौकोन, टेपनं मोजून, प्रत्येकात वार. एकाच जागी रोज टोचलं की गाठ येते, म्हणून. सोमवारच्या चौकोनावर फुली मारलेली आहे. वर मथळा: ‘सुई करणे. सकाळी, जेवणाआधी.’

सातरस्ता

सांगतो म्हटलं होतं. बूस्टर झाला. सकाळी सांगितलं, तर रडला, गाडीवर बसायला अर्धा तास लावला. मांडीवर घेतलं, फुगा दिला. फुगा फुगलाच नाही, पण फुंकत राहिला. टोचल्यावर ओरडला, "बाबा, पाच म्हणा ना!" मी मोजायचंच विसरलो होतो.